आबांच्या बंदुकीचा ट्रस्ट

सिंगापूरला जाणाऱ्या विमानात त्या काळी एक कार्ड भरून घेत. त्यावर लाल अक्षरांत लिहिलेलं असे, अमली पदार्थ आणाल तर मृत्युदंड. बंदुकीबद्दलचा कायदाही तिथे जवळजवळ तसाच कडक. तेवढ्याशा कार्डावर तो मावला नसावा. अशा गावात बसून, नव्वदच्या दशकात, मी एका बंदुकीची कायदेशीर सोय लावायला निघालो होतो. बंदूक रत्नागिरी जिल्ह्यात, तिचे मालकही तिथेच, आणि मी सिंगापुरातल्या तांजोंग पगारच्या एका ऑफिसात, टाय लावून. मी आयुष्यात हाताळलेलं सर्वांत घातक हत्यार म्हणजे स्टेपलर, आणि त्यानेही मला एकापेक्षा जास्त वेळा जखमी केलेलं आहे.

माझा धंदा ट्रस्टचा. आपल्याकडे ट्रस्ट म्हटलं की लोकांना देऊळ, शाळा नाहीतर हॉस्पिटल आठवतं. माझा ट्रस्ट त्यातला नव्हे. समजा, तुम्हाला तुमचा फ्लॅट मुलाला द्यायचा आहे, पण मुलगा असा की महिन्याभरात तो विकून मोकळा होईल. मग तुम्ही फ्लॅट तिसऱ्याच माणसाच्या नावावर करता आणि त्याच्याकडून लिहून घेता, की बाबा रे, नाव तुझं, पण राहणार माझा मुलगा, आणि विकायचा विषय काढायचा नाही. म्हणजे मालकी एकाकडे, उपभोग दुसऱ्याकडे आणि काळजी तिसऱ्याकडे. हे सगळं कागदावर नीट बांधून देणारा कुणीतरी लागतो. तो मी.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. बोटीवरच्या मराठी अधिकाऱ्यांना समुद्राची भीती नसते, पण सुट्टीवर घरी गेल्यावर भेटणाऱ्या चुलतभावांची असते. त्यांचे ट्रस्ट मी डोळे मिटून करत असे. एका चिनी आजीबाईंना त्यांच्या पोपटासाठी ट्रस्ट हवा होता. पोपट होक्किएन भाषेत अस्सल शिव्या द्यायचा आणि आपल्यामागे त्याला कुणी सांभाळणार नाही, या चिंतेने आजी खंगत चालल्या होत्या. मी पोपटाच्या दाण्याची, पिंजऱ्याची, पशुवैद्याची चोख व्यवस्था लावून दिली. पोपट आधी गेला. आजी पुढे बरीच वर्षं ठणठणीत जगल्या आणि दर चिनी नववर्षाला मला पोपटाच्या नावाने संत्री पाठवत राहिल्या.

त्या पोपटामुळेच माझ्या डोक्यात हवा गेली. जगातल्या कुठल्याही वस्तूचा, पक्ष्याचा, माणसाचा ट्रस्ट आपण करू शकतो, असं मला वाटायला लागलं. त्यात भर पडली एका अमेरिकन गिऱ्हाइकाची. तेलविहिरींवर काम करणारा, टेक्सासचा. बोलता बोलता तो म्हणाला की त्याच्या घरी काही बंदुका अशा आहेत की त्यांची सरकारदरबारी नोंद लागते, आणि नोंद एकाच्या नावावर असली की बायकोने किंवा मुलाने त्या हाताळणं गुन्हा ठरू शकतं. म्हणून त्याच्या वकिलाने बंदुका ट्रस्टमध्ये टाकल्या आणि घरातल्या सगळ्यांना विश्वस्त करून टाकलं. आता कुणीही कपाट उघडावं. मी हे ऐकलं आणि मेंदूच्या एका कप्प्यात जपून ठेवलं. जपून ठेवलेल्या अर्धवट ज्ञानाइतकं स्फोटक काहीच नसतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

आणि मग दिनकर सुर्वे आला. बोटीवर चीफ इंजिनियर, आता सिंगापूर बंदरात जहाजदुरुस्तीच्या कामावर, राहायला तोआ पायोहला. मोठा आवाज, मोठे हात, मन त्याहून मोठं. ऑफिसच्या खाली कॉफीवाला होता. त्याच्याकडची काळी, घट्ट कॉफी प्लॅस्टिकच्या पिशवीत घेऊन दिनकर माझ्यासमोर बसला आणि म्हणाला, "प्रधान, आमच्या आबांची बंदूक वाचवायची आहे."

हकीकत अशी. आबा म्हणजे दिनकरचे वडील, कोकणातले शेतकरी. घरामागून जंगल सुरू होतं आणि भात पिकायला लागलं की रानडुकरं उतरतात. एका रात्रीत अख्खं शेत लोळवून जातात. त्यासाठी शेतीसंरक्षणाचा परवाना आबांच्या वडिलांना मिळालेला, मग आबांना. दुनळी बंदूक. डुकरं मारायची नाहीत, हवेत बार काढून हाकलायची. ठरावीक वर्षांनी परवान्याचं नूतनीकरण, काडतुसांचा हिशेब, आणि निवडणूक आली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा.

"डुकरांना मतदान नसतं ना," दिनकर म्हणाला. "निवडणूक म्हणजे त्यांची दिवाळी."

तर आता आबांची नजर जवळजवळ गेली होती. पुढच्या नूतनीकरणाला अधिकारी त्यांना समोर उभं करणार, आणि दिसत नाही म्हटल्यावर परवाना जाणार. मग बंदूक ठाण्यात जमा, आणि मुदतीत घरातला कुणी परवानेदार पुढे आला नाही तर सरकारजमा.

"बंदूक गेली की शेत गेलं," दिनकर म्हणाला. "शेत गेलं की आबा त्या घरात काय करणार? वहिनी काय करणार?"

वहिनी म्हणजे थोरल्या भावाची, अण्णांची बायको, सुमतीवहिनी. अण्णा जाऊन बरीच वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. आबांना आणि शेताला सांभाळत त्या गावीच राहिल्या होत्या.

"मग अडचण काय? तू घे परवाना, नाहीतर तुझा धाकटा भाऊ घेईल."

"तीच अडचण आहे. श्रीधर ठाण्याला असतो. तो म्हणतो, मला द्या. मी म्हणतो, मला. आबा म्हणतात, दोघांत भांडण लावून मरायचं नाही मला. प्रधान, तू एवढे पोपटांचे ट्रस्ट करतोस..."

पोपटाची कीर्ती बंदरापर्यंत पोचली होती. इथे मी शांतपणे विचार करायला हवा होता. त्याऐवजी मी टेक्सासचा कप्पा उघडला.

पुढचे कितीतरी दिवस मी जो दस्त लिहिला, तसा दस्त मी त्याआधी लिहिला नव्हता आणि त्यानंतर लिहायची वेळ आली नाही. काय नव्हतं त्यात! विश्वस्त, लाभार्थी, विश्वस्तांवर देखरेख करणारा पालक, पालक वारल्यास उपपालक. बंदुकीला तेल घालण्याची जबाबदारी. बार काढण्यापूर्वी घ्यायची संमती. कुठलाही विश्वस्त परदेशी असेल तर घ्यायची पर्यायी संमती. मी तो मसुदा वाचून स्वतःवरच खूश होत असे.

आमच्या साहेब होत्या मिसेस ओंग. कडक इस्त्रीचे कपडे, कडक चहा, कडक शिस्त. मसुद्यात मी विश्वस्त म्हणून कुणाचं नाव घातलं असेल? आमच्या कंपनीचं. सवयीने. पोपटालाही तेच घातलं होतं. आणि वर हा मसुदा रत्नागिरीच्या वकिलांना पाठवायला मी फॅक्स मशीनवर ठेवला, पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत 'बंदूक – तातडीचे' असं इंग्रजीत लिहून. मशीनमध्ये कागद अडकला. मी जेवायला गेलो.

परत आलो तर मशीनपाशी मिसेस ओंग उभ्या. ते पान त्यांनी दोन बोटांत असं धरलं होतं की जणू त्यातूनच बार निघेल.

"प्रधान, ही बंदूक कुठे आहे?"

"इंडियात, मॅडम."

"आणि मालक कोण?"

"तूर्तास एक म्हातारे गृहस्थ. नंतर..." मी मशीनकडे बघत म्हणालो, "नंतर आपण."

मिसेस ओंगनी दार लावून घेतलं. "माझ्या कंपनीकडे बंदूक? सिंगापूरमध्ये? पोलिसांना मी काय सांगू, पोपट शिव्या द्यायचा बंद झाला म्हणून आता आम्ही हे सुरू केलंय? कॅनॉट लाह, प्रधान. कॅनॉट."

मी कंपनीचं नाव खोडून दोघा भावांची नावं घातली. मसुदा पुन्हा पाठवला, या वेळी मशीनपाशी उभं राहून. दोन दिवसांनी रत्नागिरीहून वकिलांचा फोन आला. गृहस्थ अतिशय सभ्य.

"प्रधानसाहेब, भाषा फार सुंदर आहे हो. आमच्या ज्युनियरला वाचायला दिलीय. फक्त एक बारीकशी अडचण. परवाना मिळतो माणसाला. अर्जावर फोटो लावावा लागतो. ट्रस्टचा फोटो कुठून आणणार?"

"पण अमेरिकेत..."

"अमेरिकेत असेल. आपल्याकडे ज्याच्या हातात बंदूक, त्याच्या नावाचा परवाना. हात एकाचे आणि हक्क दुसऱ्याचा, असं बंदुकीत चालत नाही."

म्हणजे माझ्या धंद्याच्या मुळावरच घाव. तरी मी हटलो नाही. दोघांपैकी एकाने परवाना घ्यावा आणि दुसऱ्याचा हक्क ट्रस्टने राखावा, अशी नवी मखलाशी मी केली. त्यावर मीच वकिलांना पुन्हा फोन लावला. सिंगापूरला राहणाऱ्या माणसाला अधिकारी विचारणार, तुमचं शेत कुठे आणि तुम्ही कुठे? ठाणे शहरात राहणाऱ्यालाही तेच विचारणार. "फ्लॅटच्या बाल्कनीत डुक्कर येतं का, असं विचारलं तर काय सांगायचं ते तेवढं तुमच्या दस्तात घाला," ते म्हणाले, आणि हसले. मीही हसलो. आयएसडीवर हसणं फार महाग पडायचं, पण बिल कंपनीचं होतं.

आशेला एकच जागा उरली होती, ती म्हणजे आबांचे डोळे. ते सुधारले तर हा प्रश्नच मिटत होता. दिनकरने आबांना सिंगापूरला आणायचं ठरवलं. आबा म्हणाले, सुमती आली तर येईन, नाहीतर नाही. तेव्हा भात पोटरीत असताना, बंदूक नियमाप्रमाणे पोलीस ठाण्यात जमा करून, दोघंही आले. शेत राखायला श्रीधर ठाण्याहून रजा काढून गावी जाऊन बसला.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे मीही गेलो होतो. त्यांनी बराच वेळ तपासलं आणि मग दिनकरला बाजूला घेतलं. मोतीबिंदू नव्हता. डोळ्यांच्या मागची नसच सुकत आली होती. गेलेली नजर परत येणार नव्हती. हे आबांना कसं सांगायचं, म्हणून दिनकर खोकत उभा राहिला, तर आबा खुर्चीतूनच म्हणाले, "दिनू, खोकू नको. मला ठाऊक होतं. तुझी हौस म्हणून आलो."

परत येताना आम्ही तोआ पायोहच्या हॉकर सेंटरमध्ये जेवलो. केळीच्या पानात भाजलेला मासा आला. आबांनी वास घेतला आणि त्यांचा चेहरा खुलला. "बांगडा! एवढ्या लांब येऊनही त्याने घर सोडलं नाही." वहिनी काटे काढून त्यांच्या ताटात ठेवत होत्या, न बोलता, न बघता. आबांचा हात बरोबर तिथेच जात होता.

त्याच रविवारी दिनकरच्या फ्लॅटवर मी दस्त वाचून दाखवायला गेलो. बाराव्या मजल्यावरचं घर, खिडकीतून समोरच्या इमारतीच्या बांबूच्या काठ्यांवर वाळत घातलेले कपडे दिसत. आबा सोफ्यावर मांडी घालून बसले. वहिनी खाली चटईवर मटारच्या शेंगा सोलत. दिनकर मध्ये उभा. त्याची शाळकरी मुलगी डोकावून म्हणाली, "आजोबा, ओन्ली वन गन, व्हाय सो मेनी पेपर?" आणि उत्तराची वाट न बघता पळाली. तो दिवसातला सर्वांत नेमका प्रश्न होता.

मी घसा साफ करून इंग्रजीचं मराठी करत वाचायला लागलो.

"कलम चार. बंदुकीपासून मिळणारं उत्पन्न सर्व लाभार्थींना समान."

"बंदुकीचं उत्पन्न?" आबा म्हणाले. "म्हणजे डुकराचं मटण? ते आता कायद्याने बंद आहे हो. लेखी नका देऊ."

"ते आपलं नेहमीचं कलम आहे, आबा. पुढे. कलम सहा. बार काढण्यापूर्वी दोन विश्वस्तांची लेखी संमती आवश्यक."

"लेखी?"

"हो. फॅक्स चालेल."

"आणि डुक्कर तोवर थांबेल?"

वहिनींच्या हातातली शेंग तशीच राहिली. हसू दाबताना त्यांचा खांदा हलला. मी घाम पुसला. कलम सात, कलम आठ झालं. मी पान उलटलं आणि म्हणालो, "कलम दहा."

"नऊ कुठे गेलं?" आबांनी विचारलं.

नजर नसलेल्या माणसासमोर कागद वाचताना आपण काहीही गाळू शकतो, असं मला वाटलं होतं. आबा आकडे मोजत होते.

"नऊ विशेष काही नाही. नेहमीचंच..."

"नेहमीचं आहे तर वाचा."

कलम नऊ आमच्या प्रत्येक दस्तात असे, भाजीत मीठ असतं तसं. जुन्या मसुद्यांतून नव्यात उतरत आलेलं. मी एकदाही थांबून ते वाचलं नव्हतं. आज त्यावर नजर पडली तेव्हा समोर वहिनी होत्या, म्हणून ते गाळलं होतं. मी वाचलं, "लाभार्थी म्हणजे केवळ रक्ताचे वंशज. विवाहाने कुटुंबात आलेल्या व्यक्तीचा या मालमत्तेवर कोणताही हक्क राहणार नाही."

शेंगा सोलण्याचा आवाज थांबला. मग पुन्हा सुरू झाला.

"सुमतीचं नाव कुठेच नाही यात?" आबांनी विचारलं.

"आहे ना, आबा. शेवटच्या पानावर. देखभाल या सदरात. तेल घालणे, पुसणे..."

"बरोबरच आहे की," वहिनी म्हणाल्या. "कायद्यात असतं तसं ते लिहिणार. चहा टाकते." आणि सोललेले मटार घेऊन आत गेल्या. दिनकरने मान वर केली नाही. तो मसुदा त्याने आधी वाचला होता, प्रत्येक पानावर सहीही केली होती. मला तिथून लिफ्टने नव्हे, थेट खिडकीतून जावंसं वाटत होतं.

तेवढ्यात फोन वाजला. दिनकरला ऑफिसच्या सवयीने स्पीकरवर बोलायची खोड होती. बाजारातल्या एसटीडी बूथवरून श्रीधर ओरडत होता.

"दिनू, खालच्या शेतात डुकरं उतरली रे! कोपरा लोळवला सगळा. मी रोज ओढ्याकडे बसतो, आणि ही मागून येतात. बंदूक माझ्या नावावर असती तर..."

"तर काय केलं असतंस? फुगा फुटला तरी तू दचकतोस."

"तू तिकडे एसीत बसून बोलू नको!"

वहिनी चहाचा ट्रे ठेवून फोनजवळ आल्या. "श्रीधर भावोजी, ओढ्याकडे बसू नका. पाणी असेपर्यंत ती ओढ्याने येत नाहीत. सड्यावरून येतात, वरच्या कातळमाळावरून, करवंदीच्या जाळीतून. मोठी मादी पुढे असते, ती जाळीत थांबून वास घेते. तेव्हाच बार काढायचा. ती वळली की बाकीची वळतात. ती एकदा शेतात शिरली की मग तोफ लावा, काही उपयोग नाही."

दिनकर वहिनींकडे बघत राहिला. "वहिनी, हे तुम्हाला कसं माहीत? बार तर आबा काढतात ना?"

वहिनींनी आबांकडे पाहिलं. आबांना ते दिसलं नसणार, पण कळलं.

"बार मीच काढतो," आबा म्हणाले. "परवाना माझा आहे, दुसऱ्याच्या हातात बंदूक देणारा मी नव्हे. पण मला दिसत नाही त्याला आता किती पावसाळे झाले? ही मागे उभी राहते. माझे दोन्ही खांदे धरून मला वळवते. नळी वर करायला लावते, माणसाबिणसाला लागू नये म्हणून. आणि 'आता' म्हणते. मी चाप ओढतो. एवढंच माझं काम."

वकिलांनी मला सांगितलं होतं की हात एकाचे आणि हक्क दुसऱ्याचा असं बंदुकीत चालत नाही. इथे तर हात एकाचे होते, डोळे दुसरीचे होते, आणि इतकी वर्षं सगळं बिनबोभाट चाललं होतं. एकाही कलमाशिवाय.

"परवाना सुमतीने घ्यायचा," आबा म्हणाले. "तो मिळाला की मी बंदूक तिच्या नावे करून देतो. मी जिवंत असताना."

फोनमधून श्रीधरचा आवाज आला. सगळ्यांना ऐकू जातंय हे त्याला माहीत नसावं. "दिनू, वहिनींच्या नावावर? अरे, घरातली वस्तू आहे. उद्या त्यांनी त्यांच्या भाच्याला दिली तर?"

वहिनी ट्रे उचलायला वाकल्या होत्या, तशाच राहिल्या. माझ्या कलम नऊचाच हा मराठी अनुवाद होता, माझ्यापेक्षा चांगला.

दिनकर फोनवर वाकला. इंजिनरूममध्ये ओरडायची सवय असलेला माणूस, पण त्या वेळी हळू बोलला. "श्रीधर, आबांचे खांदे धरून तू कधी उभा राहिलायस? मी नाही राहिलो. मला बंदूक हवी होती भिंतीवर लावायला. सिंगापूरच्या भिंतीवर लावता येत नाही, म्हणून गावच्या भिंतीवर. तुला कशाला हवी होती?"

बूथवरचं मीटर पळत असणार. मागे एसटीचा हॉर्न ऐकू आला.

"वहिनींना फोन दे," श्रीधर म्हणाला.

दिनकरने स्पीकर बंद करून वहिनींच्या हातात रिसीव्हर दिला. श्रीधर काय बोलला ते आम्हाला कळलं नाही. वहिनी फक्त ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "असू दे हो." थोड्या वेळाने, "रिकामे डबे मागच्या पडवीत आहेत. ते बांधा जाळीजवळ, वाजवायला. आणि जेवत जा वेळेवर." फोन ठेवल्यावर त्यांनी पदराने रिसीव्हर पुसला, जणू तोही शेतातून आला होता.

मग त्या माझ्याकडे वळल्या. "भाऊ, मी अर्ज करीन. पण त्यात घराण्याची परंपरा वगैरे लिहायचं नाही. शेतीसंरक्षण लिहा. शेत मी करते, म्हणून बंदूक मागते. घराण्याची सून म्हणून नको."

माझ्या त्या अवाढव्य दस्ताच्या कोऱ्या पाठीवरच मी तो मजकूर लिहिला. माझ्या आयुष्यातला सर्वांत छोटा मसुदा. भावांच्या संमतीचं एक वाक्य आणि अर्जाचं कारण म्हणून वहिनींचं एक वाक्य. दिनकरने सिंगापूरच्या भारतीय वकिलातीत जाऊन संमतीवर सही केली, शिक्का मारून घेतला. श्रीधरने गावाकडे केली. रत्नागिरीचे वकील म्हणाले, "प्रधानसाहेब, या वेळी भाषा अगदी साधी आहे. आमचा ज्युनियर जरा निराश झाला."

मिसेस ओंगना मी सांगितलं की फाइल बंद झाली. "बंदूक गेली?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, गेली नाही, योग्य माणसाकडे राहिली. मग म्हणाल्या, "सून? गुड. माझ्या सासूने मला साधी कढईसुद्धा दिली नव्हती." एवढ्या वर्षांत त्यांनी मला घरची एवढी एकच गोष्ट सांगितली.

अर्जाचं काम सोपं गेलं नाही. चौकश्या झाल्या, हेलपाटे झाले. बाई कशाला बंदूक मागते, असं गावातल्या एक-दोघांनी पोलिसांना सांगून पाहिलं. शेवटी मुलाखतीला अधिकाऱ्यांनी वहिनींना विचारलं, "बंदूक चालवता येते का?" नाही म्हणावं तर परवाना कशाला, हो म्हणावं तर परवान्याशिवाय शिकलात कुठे, असा पेच. वहिनी म्हणाल्या, "साहेब, बार कधी आणि कुठे काढायचा ते येतं. चाप ओढायचा तेवढा शिकायचा आहे." अधिकाऱ्यांनी खाली काहीतरी लिहिलं. परवाना मिळाला. आबांनी स्वतःच्या हाताने बंदूक त्यांच्या हातात दिली. पुढे आबा वारले तेव्हा बंदुकीचा कुठलाच प्रश्न कुणापुढे उरला नव्हता, वहिनींनी त्या घरात राहण्याचाही नाही.

मी निवृत्त होईपर्यंत बरेच ट्रस्ट केले. कलम नऊ मात्र सवयीने कधी उतरवलं नाही. प्रत्येक वेळी गिऱ्हाइकाला मोठ्याने वाचून दाखवायला लागलो. कितीतरी जण ऐकता ऐकताच ते काढून टाकायला सांगत. काही जण ठेवा म्हणत. त्यांच्या घरी मी चहाला गेलो नाही.

एकदा दिनकर सुट्टीवरून परत आला आणि तसाच ऑफिसात माझ्यासमोर येऊन बसला. चेहरा उन्हाने रापलेला, हाताला करवंदीचे ओरखडे. भात पिकायच्या दिवसांत या वेळी दोघं भाऊ मुद्दाम गावी गेले होते. तिन्हीसांजेला वहिनी बंदूक घेऊन शेतातल्या राखणीच्या माळ्यावर चढल्या. दिनकर म्हणाला, वहिनी, जरा माझ्या हातात द्या ना, लहानपणापासून इच्छा आहे.

"काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, परवाना माझा आहे. हात लावायचा नाही." दिनकरच्या तोंडभर हसू होतं. "प्रधान, चीफ इंजिनियर आहे मी! आणि तिकडे जाळीत मादी येऊन थांबली, आम्हाला दोघांना तिचा श्वास ऐकू येतोय, श्रीधर थरथरतोय, मी म्हणतोय वहिनी, आता काढा बार, आता काढा. आणि वहिनी माळ्यावरून शांतपणे खाली वाकून काय म्हणतात माहीत आहे?"

"काय?"

"म्हणतात, काडतूस कशाला वाया घालवायचं? घरात दोन-दोन दीर आहेत. भावोजी, डबे वाजवा."